गाळ उपसण्यापूर्वी विचारावे

पूर आला, आग लागली, दरड कोसळली की हाती असेल ते साहाय्य घेऊन धावून जाण्याची आपल्या लोकांची वृत्ती जुनी आहे, आणि ती स्तुत्य आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. कोणी पैसे पाठवितो, कोणी कपडे व धान्य गोळा करतो, आणि ज्यांच्या अंगात बळ आहे ते फावडे घेऊन प्रत्यक्ष जातात. या तिसऱ्या प्रकारच्या साहाय्याविषयी, म्हणजे पुराने नासलेली घरे साफ करण्याच्या कामाविषयी, एक विचार गेली काही वर्षे माझ्या मनात घोळत आहे. या कामात मी स्वतः एक चूक केली. त्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो असे समजून तो समाजबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

मी नेदरलँड्समधील उइटहॉर्न या गावी राहतो. आम्स्टरडॅमच्या दक्षिणेस, आम्स्टेल नदीच्या काठी हे गाव वसले आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला येथील पहिले आश्चर्य असे की, नदी वर आणि शेते खाली! बांधावर उभे राहिले की एका हाताला नदीचे पाणी दिसते आणि दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या पातळीहून खाली, गाई चरताना दिसतात. शेतात साचणारे पाणी पंपांनी उचलून कालव्यांत व नदीत सोडावे लागते. हे काम पाहणारी स्वतंत्र जलमंडळे या देशात शतकानुशतके चालत आलेली आहेत, व त्यांचे बहुतेक सभासद नागरिक मतदान करून निवडतात. व्यवस्था इतकी चोख आहे की सामान्य माणसाला पाण्याची आठवणही होत नाही. तो रात्री निश्चिंत झोपतो.

परंतु या निश्चिंतीलाही तडा जाऊ शकतो. उइटहॉर्नपासून सायकलीने अर्ध्या तासाच्या आत विल्निस नावाचे गाव आहे. २६ ऑगस्ट २००३ रोजी पहाटेच्या अंधारात तेथील कालव्याचा बांध सुमारे साठ मीटर लांबीपर्यंत आपल्या जागेवरून सरकला आणि पाणी वस्तीत शिरले. शेकडो घरांत पाणी भरले व दीड-दोन हजार माणसांना घरे सोडून जावे लागले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आपल्याकडील वाचकांना नवल वाटेल, पण त्या दिवसांत अतिवृष्टी नव्हती, उलट मोठा दुष्काळी उन्हाळा होता. तो बांध दलदलीतील वनस्पती साचून बनलेल्या मऊ, काळ्या मातीचा होता. अशा मातीचे बहुतेक वजन तिच्यातील पाण्याचेच असते. उन्हाने ती सुकली, हलकी झाली, आणि कालव्याच्या पाण्याचा रेटा तिला सोसवला नाही. कोरड्या ऋतूतही पूर येऊ शकतो, हे या भागातील लोक त्या रात्री शिकले.

मी ज्या अनुभवाविषयी लिहीत आहे तो मात्र २०२१ सालच्या जुलैमधील आहे. त्या महिन्याच्या मध्यास जर्मनी, बेल्जियम व नेदरलँड्सच्या सीमाभागात दोन दिवसांत काही ठिकाणी दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण अरुंद दऱ्यांतून वाहणाऱ्या तेथील लहान नद्यांना तो पेलला नाही. जर्मनीत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेदरलँड्समध्ये जीवितहानी टळली. परंतु दक्षिणेकडील लिंबुर्ग प्रांतात फाल्केनबर्ग या टुमदार गावातून वाहणारी ग्यूल नदी रस्त्यांवरून वाहू लागली आणि दोन हजारांहून अधिक घरांचे नुकसान झाले.

आमच्या गल्लीतील एका डच शेजाऱ्याचे नातलग त्या बाजूस राहतात. त्याने विचारले आणि आम्ही सहा जण जाण्यास तयार झालो: चार डच शेजारी, साताऱ्याकडील एक गृहस्थ आणि मी. १८ जुलैचा रविवार तिशाबआवच्या उपवासाचा होता, म्हणून मी पुढच्या रविवारी, २५ जुलै रोजी, जाईन असे कळविले, आणि सर्वांनी तोच दिवस ठरविला. फावडी, बादल्या, रबरी बूट, जाड हातमोजे आणि डबे घेऊन आम्ही पहाटे निघालो. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे.

त्या प्रवासात माझे चित्त मात्र भलतीकडेच होते. तीनच दिवसांपूर्वी, २२ जुलैला, आमच्या कोकणात आकाश कोसळले होते. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री नदी तेथेच उगम पावते आणि महाडच्या अंगाने समुद्राकडे जाते. महाड शहर पाण्याखाली गेले, तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडविले, आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. माझ्या आईची एक बालमैत्रीण महाडला राहते. आम्ही भावंडे तिला मावशीच म्हणतो. तीन दिवस तिचा दूरध्वनी लागत नव्हता. अशा वेळी परक्या देशात परक्या माणसांचे घर धुण्यास आपण निघालो आहोत, हे योग्य की अयोग्य, असा प्रश्न मनाला सारखा टोचत होता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी सापडले नाही. जेथे हात पोहोचतो तेथे काम करावे, एवढेच मनाशी म्हटले.

आम्हांला जे घर नेमून दिले ते एका वृद्ध विधवेचे होते. पाणी ओसरून दहा दिवस झाले होते. वरवरचा चिखल आधीच्या लोकांनी काढला होता. तळघर मात्र तसेच होते. पुराचा गाळ म्हणजे शेतातील चिखल नव्हे. त्यात गटाराचे पाणी, तेल, मेलेले जीव, सारे मिसळलेले असते. आणि त्याला जी दुर्गंधी येते ती अंगावरून दोन दिवस जात नाही. ओला असतो तोवर तो फावड्याला चिकटतो, आणि वाळला की दगडासारखा होतो. आम्ही जिन्यावर साखळी केली. खालचा बादली भरी, मधले वर देत, आणि सर्वांत वरचा ती अंगणातील ढिगाऱ्यावर रिकामी करी. तास-दीड तासात कामाला लय आली. लय आली की माणसाला एक प्रकारचा आनंद होतो, आणि माझ्या मते याच आनंदात धोका असतो.

तळघराच्या एका भिंतीला फळ्या होत्या व त्यांवर काचेच्या बरण्या होत्या. आलुबुखार, नासपती, लाल कोबी असे घरी टिकवून ठेवलेले पदार्थ त्यांत होते. बरण्या गाळाने माखल्या होत्या, काही फुटल्या होत्या. पुराचे पाणी लागलेले खाद्यपदार्थ ठेवायचे नसतात, हा नियम मला ठाऊक होता. मी एकामागून एक चाळीसएक बरण्या बादल्यांत भरून वर पाठविल्या. दुपारी कचऱ्याची गाडी आली व ढिगारा घेऊन गेली. त्यानंतर बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या, रिकाम्या फळ्यांकडे पाहिले, आणि हळू आवाजात विचारले, “बरण्यांवरच्या चिठ्ठ्या कोणी काढून घेतल्या का?” त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले होते. प्रत्येक बरणीवर पदार्थाचे नाव आणि साल तेच लिहीत. त्या बरण्यांतील फळे आता कोणी खाणार नव्हते. ते बाईंनाही कळत होते. त्यांना एखादी चिठ्ठी हवी होती.

त्या मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. उलट कॉफी दिली. परतीच्या वाटेवर सारे जण आपण किती काम केले याविषयी बोलत होते, आणि ते खरेही होते. मी मात्र गप्प बसलो होतो. त्या बाई दिवसभर वरच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या. आम्हां सहा जणांपैकी एकानेही खाली जाण्यापूर्वी त्यांना विचारले नव्हते की, “बाई, खाली काय आहे? त्यातले काय राहू द्यावे?”

पुढे आठवड्याभराने मावशीचा दूरध्वनी लागला. ती सुखरूप होती. माळ्यावर रात्र काढली होती. सांगू लागली, “अरे, पोरं देवासारखी आली बघ. कुठली कोण, नावंसुद्धा ठाऊक नाहीत. दोन तासांत घर धुऊन लख्ख केलं.” मग थोडे थांबून म्हणाली, “पण त्यांची पत्र्याची ट्रंक गेली रे. चिखलात होती, पोरांना वाटलं भंगार. तुझ्या काकांचे सगळे कागद तिच्यात होते.” मी विचारले, “मावशी, मग तू सांगितलं नाहीस का?” ती म्हणाली, “मी शेजारी गेले होते चहा करायला, त्यांच्यासाठीच. आणि आपल्यासाठी एवढं राबणाऱ्यांना अडवायचं तरी कोणत्या तोंडाने?” पाटा-वरवंटाही त्याच मुलांनी ढिगाऱ्यावर टाकला होता, तो दगडाचा, त्याला पाण्याने काय होणार! तो तिने मागाहून शोधून आणला. ट्रंक सापडली नाही.

मावशीचे ते शेवटचे वाक्य मी पुष्कळ दिवस विसरू शकलो नाही. ज्याचे घर बुडाले तो माणूस साहाय्यास आलेल्यांपुढे मिंधा असतो. नको म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो दमलेला असतो, कित्येक रात्री झोपलेला नसतो, आपल्या घरची घाण परक्यांनी पाहावी याची त्याला लाज वाटत असते. अशा स्थितीत स्वयंसेवकांनी जे जे टाकले त्याला त्याची संमती होती असे समजणे ही आत्मवंचना होय. नदीने त्याच्या घरातील वस्तू त्याला न विचारता नेल्या; उरलेल्या वस्तूंच्या बाबतीतही त्याला विचारणारे कोणी नसेल, तर तो आपल्याच घरात दुसऱ्यांदा लुटला जातो. लुटणाऱ्यांचा हेतू उत्तम होता म्हणून नुकसान कमी होत नाही.

आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपल्या पूर्वजांची परंपरागत कथा आपण सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. त्या कथेत सोन्यानाण्याचा उल्लेख कोणी करीत नाही. पुस्तके समुद्रात गेली, याचे दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो; आणि मुखोद्गत असलेला शेमा तेवढा उरला, तो जपला, याचा अभिमान बाळगीत आलो. पाण्याने काय नेले आणि काय राखले पाहिजे, हे बाजारभावाने ठरत नाही, हे ज्यांना आपल्याच इतिहासातून ठाऊक आहे त्यांनी तरी दुसऱ्याच्या ओल्या ट्रंकेला भंगार म्हणू नये.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो वजनदार आहे. प्रत्यक्ष काम केलेले लोक म्हणतील की, प्रत्येक चिंधीसाठी विचारीत बसलो तर घरे साफ व्हायची केव्हा? दोन-तीन दिवसांत ओल्या वस्तूंवर बुरशी चढते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा जीवघेणा ताप पसरतो. एका गल्लीत शंभर घरे आणि हात वीस. कचऱ्याची गाडी दारात उभी. अशा वेळी भावनांना किती स्थान द्यावे? हे सारे खरे आहे. महाड-चिपळुणात जी तरुण मुले त्या आठवड्यात राबली त्यांच्यावर दोष ठेवण्याचे माझ्या स्वप्नातही नाही. ती गेली नसती तर कित्येक वृद्ध माणसे त्या चिखलातच राहिली असती. परंतु विचारण्यास फार वेळ लागतो, ही समजूत माझ्या मते चुकीची आहे. आम्हांला त्या बाईंना विचारण्यास दहा मिनिटे पुरली असती. नंतर मी अन्य एका घरी काम केले तेव्हा ही पद्धत अवलंबून पाहिली, आणि काम मुळीच रेंगाळले नाही.

ती पद्धत अशी. तुकडीतील एकाने, शक्य तर वयाने वडील असलेल्या व्यक्तीने, फावडे हाती घेऊच नये. त्याने घरातील माणसाजवळ बसावे, त्याचे ऐकावे, आणि काय सापडल्यास थांबायचे ते आत काम करणाऱ्यांना कळवावे. कागद, छायाचित्रे, देवाधर्माच्या वस्तू, दागिने, औषधे आणि मृत व्यक्तीचे सामान, एवढी यादी बहुतेक घरांना पुरते. अंगणात एक ढिगारा न करता तीन करावेत: टाकावयाचे, धुऊन ठेवावयाचे, आणि विचारावयाचे. तिसरा ढिगारा संध्याकाळी घरधन्याने स्वतः पाहावा व तोवर गाडीत घालू नये. टाकण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे व मोठ्या वस्तूंचे छायाचित्र काढावे. आपल्याकडे तलाठ्याचा पंचनामा होण्यापूर्वीच सामान दिसेनासे झाले तर नुकसानीचा पुरावा राहत नाही. येथेही भरपाई मागताना पुरावा दाखवावा लागतो.

ओले झाले म्हणजे नष्ट झाले असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. एकमेकांस चिकटलेली छायाचित्रे कोरडी होऊ न देता स्वच्छ थंड पाण्यात हळूहळू सुटी करावीत व चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत. भिजलेले कागद व वह्या त्याच दिवशी वाळविणे शक्य नसेल तर पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात गोठवून ठेवाव्यात. बुरशी थांबते व पुढे सवडीने त्या वाळविता येतात. ग्रंथालये व दप्तरखाने हाच उपाय योजतात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ व २०२१ या दोन्ही पुरांत पाणी शिरले. भिजलेल्या पुस्तकाचे दुःख काय असते ते त्या शहरास कोणी सांगावयास नको. आपल्या घरी भिजलेली प्रार्थनेची पुस्तके निघाली आणि ती वाचण्याजोगी उरली नाहीत, तर कचऱ्यात न टाकता ती आदराने पुरावीत, हे आपण जाणतोच. दुसऱ्या धर्माच्या घरातही असे काही असू शकते एवढे लक्षात ठेवून हात आवरावा.

आणखी दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. वीजप्रवाह बंद असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय कोणीही तळघरात उतरू नये. तळघर पाण्याने भरले असेल तर ते एकदम रिकामे करू नये. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते, आणि आतला आधार अचानक गेला की तिच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. उत्साहाच्या भरात या गोष्टी विसरल्या जातात, म्हणून लिहिल्या.

आता आम्हां उइटहॉर्नकरांविषयी. अलीकडच्या काळात आम्स्टेलच्या या परिसरात भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली आहेत. आपली मुले येथल्या शाळांत जातात. आपण येथे घरे घेतली, ती नदीच्या पातळीहून खाली आहेत हे अनेकांना माहीतही नसते. जलमंडळ आहे, पंप आहेत, तेव्हा आपल्याला काय करावयाचे, असा आपला समज असतो. विल्निसच्या लोकांचाही तोच समज होता. माझी सूचना अशी की, येथील प्रत्येक गल्लीत दहा-बारा घरांनी आपसांत एक यादी करावी: कोणाकडे पंप आहे, कोणाकडे मोटार आहे, कोणते वृद्ध एकटे राहतात, आणि प्रत्येक घरात पाणी शिरले तर सर्वांत प्रथम काय उचलावे. हा शेवटचा प्रश्न शेजाऱ्याला कोरड्या दिवशी विचारून ठेवला तर पुराच्या दिवशी विचारावा लागत नाही. रायगड-रत्नागिरीतील नदीकाठच्या वाचकांनी तो पावसाळ्यापूर्वी आपल्या घरातच विचारावा, आणि कागदांची ट्रंक माळ्यावर चढवावी.

मी आमच्या गल्लीत ही यादी केली. शेजारी प्रथम हसले. मग एकाने सांगितले, माझ्या आईचे शिवणाचे यंत्र. दुसरी म्हणाली, पोटमाळ्यावरची पेटी, पण ती वरच आहे. एका वृद्ध गृहस्थांनी मला घरात नेऊन भिंतीवरचे घड्याळ दाखविले. गेली सात वर्षे मी त्यांचा शेजारी होतो. त्यांच्या घरात मी त्या दिवशी प्रथमच पाऊल टाकले.

फाल्केनबर्गच्या त्या बाईंना मी नंतर पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की, राग नाही. घर कोरडे झाले आहे, गिलावा नवा केला आहे, आणि फळ्या पुन्हा लावल्या आहेत. बरण्यांविषयी त्यांनी काही लिहिले नव्हते. मीही पुन्हा विचारले नाही.

ज्यांना अशा कामास जाण्याचा प्रसंग येईल त्यांनी अवश्य जावे. बळ असेल तर फावडे न्यावे, नसेल तर नुसते जावे, कारण घरधन्याजवळ बसणारा माणूसही तुकडीत लागतो. मात्र उंबरठ्यावर क्षणभर थांबून घरातील माणसास विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून मग आत पाऊल टाकावे, एवढीच समाजबंधु-भगिनींस नम्र विनंती आहे.